पाचांतील चौघे कोठे अडतात? : तरुणांमधील आहारविकार आणि उपचार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षांपूर्वी लावलेल्या रोपाचा वृक्ष झाला, की त्याच्या सावलीत किती जण विसावले याचा हिशेब आनंदाने मांडला जातो. परंतु त्या सावलीपर्यंत कोण पोहोचू शकले नाही, याचाही शोध घेणे हे सुवर्णमहोत्सवाचे खरे प्रयोजन होय. पाठशाळा, शिष्यवृत्ती, औषधदान आणि रुग्णसेवा यांची परंपरा सांगणाऱ्या समाजासमोर आज असा एक आजार मांडावयाचा आहे, की ज्यावर उपचार आहेत, ते गुणकारी आहेत, आणि तरीही ज्यांना त्यांची गरज आहे त्यांतील बहुसंख्य तरुण त्या उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. हा आजार म्हणजे आहारविकार.

एखादे सुखवस्तू, सुसंस्कृत घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील मुलगी दहावीत आहे, अभ्यासात हुशार आहे, वागण्यात नीटनेटकी आहे. प्रथम ती गोड पदार्थ सोडते. सर्वांना कौतुक वाटते. मग तूप सोडते, मग पोळी अर्धी होते. मैत्रिणीकडे खाऊन आल्याचे सांगून ती ताटावर बसणे टाळू लागते. दिवसातून चार-चार वेळा वजनकाट्यावर उभी राहते. सहा महिन्यांत तिला ऐन उन्हाळ्यात थंडी वाजू लागते, केस गळू लागतात, मासिक पाळी थांबते. आई तिला पाळीसाठी एका डॉक्टरांकडे नेते, केसांसाठी दुसऱ्यांकडे, पोटाच्या तक्रारींसाठी तिसऱ्यांकडे. तीन दवाखाने होतात, तीन फायली तयार होतात; परंतु "बाळ, तुला जेवणाची भीती वाटते का?" हा एक प्रश्न कोणीच विचारीत नाही.

ही मुलगी काल्पनिक आहे. तिची वाट मात्र काल्पनिक नाही. जगात ठिकठिकाणी झालेल्या अभ्यासांतून हीच वाट पुनःपुन्हा दिसून आली आहे.

आजाराचे स्वरूप

आहारविकार हे आधुनिक काळाचे किंवा दूरचित्रवाणीचे अपत्य आहे, असा एक समज आढळतो. वस्तुतः इंग्लंडमधील वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ मध्येच अन्न टाकून खंगत गेलेल्या एका १८ वर्षांच्या मुलीचे वर्णन लिहून ठेवले होते. १८७३ मध्ये लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोघांनी स्वतंत्रपणे या आजाराचे विवेचन केले, आणि गल यांनी दिलेले ‘ॲनोरेक्सिया नर्व्होझा’ हे नाव रूढ झाले. या विकारात वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरते, आणि तरीही आपण जाड होऊ अशी तीव्र भीती रुग्णाला ग्रासून असते. १९७९ मध्ये लंडनमधील मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होझा’ हा निराळा विकार नोंदविला. त्यात व्यक्ती थोड्या वेळात ताबा सुटल्याप्रमाणे पुष्कळ खाते आणि नंतर उलट्या, रेचके, कडक उपास किंवा अतिव्यायाम यांच्या साह्याने ते खाल्लेले ‘पुसून टाकण्याचा’ प्रयत्न करते. तिसरा प्रकार अतिभक्षणाचा. त्यात ताबा सुटून खाणे आणि नंतरची शरम असते, पण उलट्यादी उपाय नसतात. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान दिले.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. या रुग्णांपैकी सगळेच हाडांचे सापळे नसतात. बुलिमियाच्या रुग्णाचे वजन बहुधा सर्वसाधारण असते. अतिभक्षणाचा रुग्ण पुष्कळदा स्थूल असतो. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पाहून हा आजार ओळखता येत नाही.

आणि हा आजार किरकोळही नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार ॲनोरेक्सियाच्या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या इतर लोकांच्या तुलनेत जवळजवळ सहापट आढळले. आणि मृत्यू पावलेल्या दर पाच रुग्णांपैकी एकाने आत्महत्या केलेली होती. मानसिक आजारांमध्ये इतका घातक आजार क्वचितच असेल.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेत १३ ते १८ वर्षे वयाच्या १०,१२३ मुलामुलींची एक मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. आहारविकारांविषयीचे तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात केव्हातरी ॲनोरेक्सिया झालेल्यांचे प्रमाण ०.३ टक्के, बुलिमियाचे ०.९ टक्के आणि अतिभक्षण विकाराचे १.६ टक्के आढळले. आजार सुरू होण्याचे मध्यम वय बारा ते तेरा वर्षांच्या दरम्यान होते. म्हणजे सहावी-सातवीतील मूल.

टक्केवारी लहान दिसते. परंतु या पाहणीचा खरा धडा पुढे आहे. आजार असलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी कोणत्या ना कोणत्या कारणाने शाळेतील समुपदेशक, डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांची मदत घेतलेली होती. मात्र खाण्याच्या किंवा वजनाच्या प्रश्नासाठी नेमका उपचार मिळालेली मुले अल्पसंख्य होती. याच माहितीचे २०१७ मध्ये पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा आहारविकारासाठी उपचार घेऊ पाहणाऱ्यांचे प्रमाण २० टक्के निघाले. पाचांतील एक! मुलांच्या तुलनेत मुलींनी उपचार घेण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती. हा आजार मुलींचाच, या समजुतीमुळे मुलगे आणखी मागे राहतात.

अमेरिकेतीलच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आहारविकाराची लक्षणे असलेल्या १,७४७ विद्यार्थ्यांपैकी ३०.७ टक्के विद्यार्थ्यांना उपचाराची गरज वाटत होती. निदान झालेले होते १०.५ टक्के, आणि मागील वर्षभरात उपचार मिळाले होते १३.६ टक्के विद्यार्थ्यांना. २०११ मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्षही याच दिशेचा होता. निदान होऊ शकेल असा आहारविकार असलेल्यांपैकी योग्य उपचार घेऊ पाहणारे सुमारे २३ टक्केच होते. आणि त्याहून अधिक लोक वजन कमी करण्याच्या उपचारांकडे वळलेले होते. घर पेटलेले असताना पाण्याऐवजी तेल मागावे, तसाच हा प्रकार नव्हे काय?

उपचारांपर्यंत जे पोहोचतात, तेही वेळेवर पोहोचत नाहीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार आजाराची सुरुवात आणि उपचारांची सुरुवात यांमधील सरासरी काळ ॲनोरेक्सियात सुमारे अडीच वर्षांचा, बुलिमियात सुमारे साडेचार वर्षांचा आणि अतिभक्षण विकारात साडेपाच वर्षांहून अधिक होता. बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू झालेला आजार सतराव्या-अठराव्या वर्षी दवाखान्यात पोहोचतो. ज्या वर्षांत हाडे भरतात आणि मन घडते, ती वर्षे आजारच गिळून टाकतो.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेने हा विलंब कमी करण्यासाठी काळाची मर्यादा आखली. मुले व किशोरवयीन रुग्णांपैकी तातडीच्या रुग्णास एका आठवड्यात आणि इतरांस चार आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, आणि २०२०-२१ पर्यंत ९५ टक्के रुग्णांच्या बाबतीत हे साधावे, असे ध्येय ठरले. नेमक्या त्याच काळात कोविडची साथ आली आणि मागणी एकाएकी वाढली. २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीत तेथे १७ ते १९ वयोगटातील १२.५ टक्के तरुणांमध्ये आहारविकार आढळला. मुलींमध्ये हे प्रमाण २०.८ टक्के, मुलांमध्ये ५.१ टक्के होते. २०१७ मध्ये याच वयोगटातील एकूण प्रमाण ०.८ टक्के नोंदले गेले होते. सुसज्ज देशांचीही अशी तारांबळ उडते.

हट्ट नव्हे, आजार

पाचांतील चौघे कोठे अडतात? पहिला अडथळा शब्दाचा आहे. घरात या आजाराला आजार म्हटलेच जात नाही. ‘नखरे’, ‘हट्ट’, ‘परीक्षेचे टेन्शन’, ‘हल्लीच्या मुलींचे फॅड’ अशी नावे दिली जातात. दुसरा अडथळा शरमेचा. विशेषतः बुलिमियाचा रुग्ण सर्व काही बंद दाराआड करतो. तिसरा अडथळा खुद्द आजाराचाच आहे. ॲनोरेक्सियाच्या रुग्णाला आपण आजारी आहोत असे वाटतच नाही. त्याला जे हवे असते, ते आजार त्याला देत आहे असे वाटते.

उपासमार मनावर काय परिणाम करते, याचे एक अविस्मरणीय उदाहरण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण सद्सद्विवेकाला स्मरून युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे होते. माणूस मारावयाचा नाही, पण युद्धाने उपाशी पडलेल्यांच्या उपयोगी पडावयाचे, या भावनेने त्यांनी स्वतःची शरीरे प्रयोगासाठी दिली. १९४५ मध्ये २४ आठवडे त्यांना जवळजवळ अर्धा आहार देण्यात आला आणि त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने उतरले. निरोगी, दृढनिश्चयी, अहिंसाव्रती असे ते तरुण. परंतु उपासमारीने ते चिडखोर आणि उदास झाले, एकलकोंडे बनले. दिवसरात्र अन्नाखेरीज दुसरा विचार त्यांना सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. काही जण एकेक जेवण रेंगाळत, फार वेळ लावून खात बसले. आहार पूर्ववत झाल्यावरही मन ताळ्यावर येण्यास कित्येक महिने लागले.

या प्रयोगाने दाखवून दिले, की दीर्घ उपासमार ही मनाचा आजार वाढविणारी स्वतंत्र शक्ती आहे. ज्या मुलीला ‘हट्टी’ म्हटले जाते, तिच्या हट्टाचा मोठा भाग तिच्या उपाशी मेंदूचा असतो. म्हणूनच तिला आधी समजावून मग जेवू घालू, हा क्रम चालत नाही. जेवू घालता घालताच समजावावे लागते.

उपचार कोणते?

अल्पवयीन मुलांच्या ॲनोरेक्सियावर आज सर्वांत अधिक आधार असलेला उपचार म्हणजे कुटुंबाधारित उपचार. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात त्याचा पाया घातला गेला आणि १९८७ मध्ये त्याचा पहिला महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या उपचारात आईवडिलांना दोषी धरले जात नाही. उलट तेच उपचाराचे मुख्य साधन मानले जातात. पहिल्या टप्प्यात काय, किती आणि केव्हा खावयाचे याची जबाबदारी आईवडील घेतात, प्रत्येक जेवणास शेजारी बसतात, रागावत नाहीत आणि माघारही घेत नाहीत. वजन सावरू लागले, की दुसऱ्या टप्प्यात ती जबाबदारी हळूहळू मुलाकडे परत दिली जाते. तिसऱ्या टप्प्यात त्या वयाच्या इतर प्रश्नांकडे वळले जाते. २०१० मध्ये अमेरिकेतील १२१ किशोरवयीन रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, उपचार संपल्यानंतर एक वर्षाने या पद्धतीतील ४९ टक्के रुग्ण पूर्णतः सावरलेले आढळले. केवळ वैयक्तिक उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. इंग्लंडच्या २०१७ च्या वैद्यकीय मार्गदर्शक सूत्रांनीही या वयासाठी कुटुंबासह उपचारालाच अग्रक्रम दिला असून, साधारणतः एका वर्षात १८ ते २० बैठका सुचविल्या आहेत.

बुलिमिया व अतिभक्षण यांवर विचार आणि वर्तन यांची घडी बदलणारी मानसोपचार पद्धती उपयोगी पडते, ऑक्सफर्डचे डॉ. ख्रिस्तोफर फेअरबर्न यांचे या क्षेत्रातील कार्य प्रसिद्ध आहे. प्रौढांच्या बुलिमियात फ्लुओक्सेटिन या औषधाचाही उपयोग होतो. ॲनोरेक्सिया बरा करणारी गोळी मात्र अद्याप नाही. तेथे अन्न हेच औषध होय.

एक सावधानता अत्यावश्यक आहे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले, तर रक्तातील फॉस्फेटसारखे क्षार झपाट्याने घटून जीवास धोका उत्पन्न होतो. मोठ्या तपाचे पारणे मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या आहाराने करावे, हे घरातील ज्येष्ठ स्त्रिया अनुभवाने जाणतात. त्याच शहाणपणाचे हे वैद्यकीय रूप होय. यास्तव चक्कर, बेशुद्धी, फार मंद नाडी, वारंवार उलट्या, झपाट्याने उतरलेले वजन किंवा आत्महत्येचा विचार यांपैकी काहीही दिसल्यास घरी प्रयोग न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

भारतातील स्थिती

भारतात या विषयाचे संशोधन थोडे आहे. १९९५ मध्ये दिल्लीतील तज्ज्ञांनी पाच तरुण स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत अन्नत्याग, उलट्या आणि वजनातील घट ही सर्व लक्षणे होती. मात्र स्वतःला जाड समजण्याचे, पाश्चात्त्य पुस्तकांत ठळकपणे सांगितलेले लक्षण दिसत नव्हते. म्हणजे येथील रुग्ण निराळ्या भाषेत बोलतो. "मला जाड व्हायचे नाही" असे तो म्हणेलच असे नाही. "पोट भरल्यासारखे वाटते", "घशाखाली उतरत नाही", असेही तो म्हणेल. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील बाल-किशोर मानसोपचार विभागाच्या ३,२७४ रुग्णांच्या नोंदींत ४१ जणांना, म्हणजे १.२५ टक्क्यांना, आहारविकार असल्याचे २००७ च्या एका लेखात नमूद आहे. त्यांतील बहुसंख्य मुले मानसिक कारणाने होणाऱ्या उलट्यांची होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या पाहणीत दोन-तृतीयांश तज्ज्ञांनी असा किमान एक रुग्ण पाहिल्याचे सांगितले. मात्र हे सारे आकडे दारापर्यंत आलेल्यांचे आहेत. दाराबाहेर किती आहेत, हे त्यांवरून कळत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, निरनिराळ्या मानसिक आजारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले. बारा राज्यांतील त्या पाहणीत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. पण येथील चित्र फार निराळे असेल, असे मानण्यास आधार नाही.

तथापि वाट अगदीच बंद नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ मध्ये अमलात आला. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी शारीरिक आजाराच्या धर्तीवरच वैद्यकीय विमा उपलब्ध असावा, अशी त्यात तरतूद आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते. वैद्यकीय महाविद्यालयांतील मनोविकार विभागांत बाह्यरुग्ण सेवा असते. आहारविकारांचे स्वतंत्र केंद्र गावात नसले, तरी मानसोपचारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ किंवा कुटुंबाचे डॉक्टर, आणि आहारतज्ज्ञ हे तिघे एकमेकांशी बोलू लागले, की उपचारांचा आरंभ होऊ शकतो.

तप आणि विकार

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळणे अपरिहार्य आहे. ज्या समाजात अन्नत्याग ही साधना आहे, तेथे अन्नत्यागाचा आजार कसा ओळखावा?

हा प्रश्न अन्य परंपरांनाही पडलेला आहे. इटलीतील संत कॅथरिन १३८० मध्ये अवघ्या तेहतिसाव्या वर्षी निवर्तली. तिच्या कठोर अन्नत्यागाला १९८५ मध्ये इतिहासकार रुडॉल्फ बेल यांनी ॲनोरेक्सियाच्या पंक्तीत बसविले, तर दोनच वर्षांनी कॅरोलाइन बायनम या विदुषीने, त्या काळच्या श्रद्धेचा अर्थ आजच्या रोगाच्या मापाने लावू नये, असे प्रतिपादन केले. अनेकांत मानणाऱ्या समाजाला या दोन्ही बाजू ऐकून घेणे कठीण जाऊ नये. तप म्हणजे आजार नव्हे. परंतु आजार तपाचे वस्त्र पांघरू शकतो.

दोहोंतील भेद शास्त्रानेच हाती दिला आहे. तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत. सहा बाह्य, सहा आभ्यंतर. अनशन आणि ऊनोदरी ही बाह्य तपे होत. आभ्यंतर तपांत विनय, स्वाध्याय, ध्यान यांच्या बरोबरीने वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हेही तपच मानले आहे. सोळा कारण भावनांमध्ये त्याग आणि तप यांचा उल्लेख ‘शक्तीनुसार’ या मर्यादेसह येतो. पच्चक्खाणाच्या आगारांमध्ये तीव्र व्याधीत समाधी टिकविण्यासाठी औषध घेण्याची मुभा आहे. आणि तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून न करता मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली आहे. ज्याचे चित्त रात्रंदिवस वजनकाट्यात आणि घासांच्या मोजणीत गुंतले आहे, त्याने अन्न सोडले असेल. अन्नाची मूर्च्छा मात्र सोडलेली नाही.

तपस्व्याचे पारणे प्रसन्नतेने होते. रुग्णाला पारण्याची भीती वाटते, आणि तो एका व्रतास दुसरे व्रत जोडीत जातो. तपाला प्रारंभ आणि अंत असतो, गुरूंची आज्ञा असते, कुटुंबाची संमती असते. विकार लपूनछपून चालतो. तपाने चित्त निवळते. विकाराने ते चिडते, कुढते आणि खोटे बोलू लागते. तपाचा हेतू कर्मनिर्जरा. विकाराचा हेतू आरशाला संतुष्ट करणे, आणि आरसा कधीच संतुष्ट होत नाही. पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्या किशोरवयीन मुलीची अनुमोदना अवश्य व्हावी. परंतु त्याआधी तिची प्रकृती, तिचे वजन आणि तिचे मन यांची मायेने विचारपूस व्हावी. ती विचारपूस म्हणजे तपातील विघ्न नव्हे; ते तपाचे रक्षण होय.

समाजाने काय करावे?

पहिली गोष्ट, प्रश्न विचारावा. १९९९ मध्ये लंडनच्या तज्ज्ञांनी केवळ पाच प्रश्नांची एक चाचणी तयार केली. त्या प्रश्नांचा आशय असा: पोट फार भरल्यासारखे वाटून मुद्दाम उलटी केली जाते काय? खाण्यावरील ताबा सुटल्याची काळजी वाटते काय? तीन महिन्यांत सुमारे सहा किलोंहून अधिक वजन उतरले काय? इतर जण बारीक म्हणत असताना स्वतः जाड असल्याचे वाटते काय? अन्नाने आयुष्याचा ताबा घेतला आहे काय? पाचांतील दोन उत्तरे होकारार्थी आली, तर तज्ज्ञांकडे जावे. हे निदान नव्हे, दारावरची घंटा आहे. पण ती शाळेत, वसतिगृहात आणि पाठशाळेतही वाजविता येते.

दुसरी गोष्ट, बोलणे बदलावे. लग्नसमारंभात, ओट्यावर, जेवणाच्या पंगतीत मुलामुलींच्या अंगकाठीवर सहज शेरे मारले जातात. बारीक झाल्याची स्तुती हीही आजारी मुलासाठी विषासमान ठरू शकते.

तिसरी गोष्ट, स्थळ-सोयरिकीची भीती मनातून काढावी. ‘मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले, हे कळले तर लग्न कसे जमेल?’ या एका प्रश्नापायी कित्येक घरांत वर्षे वाया जातात. उपचारांना विलंब झाला, तर आजार मुरतो. वेळीच उपचार झाले, तर मुलगी पूर्ववत उमलू शकते. लपविण्याजोगे काही असेल, तर तो विलंब आहे, आजार नव्हे.

चौथी गोष्ट, आहाराचे नियम आणि उपचार यांत विरोध आहे असे मानू नये. दूध, तूप, डाळी, कडधान्ये व सुका मेवा यांतून पुरेसे पोषण देता येते. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घरातही तीन जेवणे आणि दोन-तीन अल्पाहार दिवसाउजेडी बसविता येतात. आहारतज्ज्ञांना नियम मोकळेपणाने सांगावेत; आणि प्रकृतीच नियमाआड येत असेल, तर साधुसाध्वींना विचारावे. रुग्णाला समाधी मिळावी, हीच त्यांची इच्छा असते.

पाचवी गोष्ट दानाची. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने परंपरेने सांगितली. आहारविकाराच्या रुग्णाला ही चारही दाने एकाच वेळी लागतात: शेजारी बसून भरविलेला घास, वर्षभर चालणाऱ्या उपचारांचा खर्च, आजाराचे ज्ञान, आणि ‘तुला कोणी हसणार नाही’ हे अभय. औषधोपचारासाठी निधी असणाऱ्या संस्थांनी मानसोपचाराच्या बैठकाही त्या निधीत समाविष्ट केल्या, तर एका ठरावाने अनेक घरांची दारे उघडतील.

आरंभीची ती दहावीतील मुलगी अजून तिसऱ्या दवाखान्याच्या बाकावर बसलेली आहे. तिच्या मांडीवर तीन फायली आहेत. तिला उपदेश नको आहे, कौतुकही नको आहे. तिच्याजवळ बसून, आवाज न चढविता, तो एक प्रश्न विचारणारे कोणीतरी तिला हवे आहे. मग ती आई असो, शिक्षक असो, पाठशाळेच्या ताई असोत वा डॉक्टर असोत. पाचांतील एक जण उपचारांपर्यंत पोहोचतो, तो बहुधा अशाच एखाद्या प्रश्नाचे बोट धरून. उरलेल्या चौघांपर्यंत तो प्रश्न पोहोचविणे, हे या सुवर्णमहोत्सवी वर्षातील वैयावृत्त्य ठरो.